ताईच्या वाटचे पत्ते

रविवार, १७ ऑगस्ट

प्रिय ताई,

गवत कधी जिंकतं?

कचेरीतला नवा खेळ खेळून पाहताना सातवीतल्या एका मुलीने मला हे विचारलं. "विचार करून सांगते," म्हणाले. अजून विचारच चालू आहे.

तुझा खोकला गेला का? कारखान्यात धाग्याची धूळ उडते तेव्हा रुमाल तोंडाला बांध, नुसता गळ्यात अडकवू नकोस. इकडे सगळं ठीक. बाबांनी दुकानात हवेचा नवा पंप घेतलाय आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला थांबवून ते "हवा कमी आहे हो" म्हणून सांगत सुटलेत. आईचे गुडघे तसेच. फोनवर तू "जेवलीस का" विचारतेस आणि मी तोंड उघडेपर्यंत "बरं, ठेवते" म्हणतेस, म्हणून हे पत्र.

सोबत पत्त्यांची डबी आहे. आमच्या कचेरीत मुलांसाठी जो खेळ करतोय म्हणाले होते, तो हाच. अजून छापलेला नाही, चित्रं मी हाताने चिकटवली आहेत. बेडूक जरा बाबांसारखा दिसतो; त्यांना सांगू नकोस. प्रत्येकाने आपल्यापुढे साखळी मांडायची: खाली गवत, त्यावर नाकतोडा, बेडूक, साप आणि टोकाला ससाणा. दर फेरीला गवताचा एक पत्ता खाल्ला जातो. गवत संपलं की वरचे एकेक उपाशी मरून मातीत जातात, आणि गांडुळाचा पत्ता निघाला तर मातीतून गवत परत येतं. आपलं संपलं तर दुसऱ्याकडे मागता येतं. ज्याचा ससाणा शेवटपर्यंत जगला, तो जिंकला.

गेल्या रविवारी घरी खेळून पाहिला. बाबांनी पत्ते उचलताच विचारलं, "हुकूम कशाचा?"

"यात हुकूम नसतो, बाबा."

"हुकूम नाही? मग भांडायचं कशावरून?"

आईने सवयीने चौघांचे पत्ते वाटले. तू नसलीस तरी तुझा हात मांडायचा आणि तो आईने खेळायचा, हे आपल्याकडे ठरलेलंच. माझं गवत लवकर संपलं. मी अजून मागितलंही नव्हतं, तोवर आईने तुझ्यापुढचं गवत उचलून माझ्यापुढे ठेवलं. पुढच्या फेरीला पुन्हा. त्यानंतर पुन्हा. तुझा नाकतोडा गेला, बेडूक गेला.

"आई, ताईची साखळी मोडतेय!"

"अगं, ती असती तर तिनेच दिलं असतं."

"दिलं असतं," बाबाही म्हणाले, मान वर न करता.

मी जिंकले. बाबांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र तुझ्या रिकाम्या जागेकडे बघवेना. ताई, आई खोटं बोलत नव्हती. तू खरंच दिलं असतंस.

इतकं लिहून मी चहा करून आले. आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते.

विद्यापीठात माझा प्रवेश नक्की झाला, हे तुला आईने सांगितलंच. शिलाईच्या दुकानासाठी तू हेरून ठेवलेला गाळा माझ्या फीसाठी सोडायचा आणि आणखी दोन वर्षं कारखान्यातच काढायची, हेही तुमचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. "ताईला विचारलंस का?" म्हटलं, तर आई म्हणाली, "विचारलं की. लगेच हो म्हणाली. गाळा काय पळून जातोय, म्हणाली." तुझा फोन मला माहीत आहे. एवढी मोठी गोष्ट "जेवलीस का" आणि "बरं, ठेवते" यांच्यामध्ये उरकली असणार. दहावीनंतर तू शाळा सोडलीस, तेव्हाही असंच लगेच हो म्हणाली होतीस का? तेव्हा मी लहान होते. आता नाही.

कचेरीत मी खेळात नवा नियम घातला: एकाच्याच गवताला लागोपाठ हात लावायचा नाही, मध्ये एक फेरी त्याला वाढू द्यायचं. मॅडम म्हणाल्या, "खेळ लांबेल." म्हटलं, "लांबू दे. कुणी मरत तर नाही." हसल्या, आणि ठेवला नियम.

मग मी विद्यापीठाला कळवलं की यंदा नाही, पुढच्या वर्षी येईन. त्यांनी जागा राखून ठेवली आहे. वर्षभर नोकरी करून माझं मी जमवेन. आईला सांगितलं तर ती माझ्याशी बोलेना. काल म्हणाली, "शिकून शहाणी झालीस, आता आम्हाला शिकव," आणि ताटात न विचारता जास्तीचं वाढलं. म्हणजे निवळली.

मी हे तिला सांगण्याआधीच तिने मला गाळेवाल्या काकांकडे पिटाळलं होतं: "थोरली गाळा घेत नाही, दुसऱ्याला द्या, असं सांगून ये." काका शटरला तेल घालत होते. "काय गं, ताई कधी येतेय? उंदरांनी ताबा घ्यायच्या आत ये म्हणावं तिला." मी निरोप सांगितला नाही. किल्ली मागून घेतली.

तुला न विचारता घेतली. म्हणजे मीही आईसारखीच तुझा हात तुझ्यावाचून खेळले, हे मला कळतं. म्हणून पुढची खेळी तुझ्यासाठी ठेवली आहे. गाळा नकोच असेल तर तू स्वतः ये आणि काकांच्या हातात किल्ली दे. तो निरोप माझ्या तोंडून जाणार नाही.

किल्ली डबीत तळाशी ठेवली आहे, गवताच्या पत्त्यांखाली.

तुझ्या गवतावर वाढलेली,
चिमणी