हजारामागे किती

ता. ६

चि. बबडीस तुझ्या आजीचे तोंडभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन कर म्हणतेस, पण फोन मी आता बोलण्यात वाया घालवत नाही. तो तुझ्याच कामाला जुंपलाय. अक्षर लागलं नाही तर चौथीत माझी शाळा सोडवणाऱ्या माझ्या बापाला दोष दे.

तू लिहिलंस ते तीनदा वाचलं तेव्हा डोक्यात शिरलं. मला वाटायचं, व्हिडिओ बघणारे जितके डोळे तितका पैसा. तर तसं नाहीच! शिलाई मशीन कशी खोलायची हे हजार जणांनी पाहिलं तर चहापुरतं, आणि कोणती मशीन विकत घ्यावी हे हजार जणांनी पाहिलं तर आठवड्याचा किराणा. बघणारा खिशात हात घालूनच बसलेला, म्हणून जाहिरातवाले तिथे हात सैल सोडतात. खरंच आहे. नुसतं चाचपणाऱ्याला दुकानदार बसायला स्टूलही देत नाही. तुझे आजोबा तर बारा दुकानं चाचपून रिकाम्या हाताने यायचे, आणि वर दमलो म्हणायचे.

व्हिडिओ लांब केलेस, मध्ये जाहिरातींना जागा ठेवलीस, हजारामागे अडीचपट मिळायला लागलं, हे वाचून मी उडीच मारली असती. गुडघे आडवे आले. महिनाअखेर तिप्पट झालं तर कारखान्यातलं मशीनदुरुस्तीचं काम कायमचं सोडणार, नाही झालं तर साहेबांनी राखलेल्या जागेवर परत, हेही समजलं. परत कशी जातेस तेच बघते!

शेजारची शिंपीण म्हणाली, जाहिरातीवर टिचकी मारली की पैसे जास्त मिळतात. झालं! आता तिच्या खोलीत आम्ही सहाजणी बसतो. सहा फोन, तुझेच व्हिडिओ, आणि जाहिरात आली रे आली की टिचकी. कुणी पेंगली की मी डोळे वटारते. परवा एका दिवसात तीनशे झाल्या. घ्यायचं काहीच नाही, पण ट्रॅक्टरपासून टकलावरच्या तेलापर्यंत सगळं उघडून पाहिलं.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आजी

ता. १९

ती. मावशीस सा. न. वि. वि.

आजीला तो फोन तू घेऊन दिलास तेव्हा ती काय करील याचा अंदाज तुलाही नव्हता नि मलाही. परवा व्हिडिओवाल्या कंपनीने कळवलं, की एकाच जागेवरून खोट्या टिचक्या येताहेत, म्हणून माझ्या सगळ्या व्हिडिओंवरच्या जाहिराती बंद. दाद एकदाच मागता येते, ती मागितली. हा खोटेपणा नव्हे, माझी आजी आहे, असं लिहायला त्या अर्जात रकाना नव्हता. काल नकार आला.

दोन वर्षं मी एवढंच शिकले गं. पाहणारा कुठल्या मिनिटाला कंटाळतो, कुठल्या विषयाला जाहिरातवाले भाव देतात. या महिन्यात आकडा तिपटीला टेकला होता. आता शून्याची कितीही पट करत बसा.

सोमवारपासून कारखान्यात. साहेब म्हणाले, मशिनी तुझी वाटच पाहत होत्या. ते हसले, म्हणून मीही हसले.

आजीला यातलं काही कळू देऊ नकोस. आजोबा गेल्यापासून तिला इतकी खूश मी पाहिली नाही. रागवायचं तेवढं मी एकटीने रागवून घेतलं. नोकरीचं कारण तूच काहीतरी रच. थापा तुला माझ्यापेक्षा बऱ्या जमतात.

लोभ ठेव, मला सध्या त्याची गरज आहे.

तुझी,
बबडी

ता. ३

चि. बबडीच्या दोन्ही गालांवरून आजीचा हात. वि. वि.

मावशी सांगत होती, कारखानेवाल्यांचं तुझ्यावाचून अडलं, साहेबांनी अगदी गयावया केली. आधी जरा वाईट वाटलं. मग म्हटलं, हुशार माणसाला दोन ठिकाणी मागणी असायचीच. पण डबा वेळेवर खा, मशीन कुठे पळून जात नाही.

हल्ली तुझ्या व्हिडिओंवर एकही जाहिरात येत नाही. शिंपीण म्हणाली, काहीतरी बिघडलं असेल. मी तिला झापलंच. अगं, बिघडलं कुठलं, म्हटलं, आपण सहाजणींनी सगळ्या संपवल्या! नव्या भरायला त्यांना वेळ लागणारच की. तिलाही पटलं. तोवर आम्ही गप्प बसलेलो नाही. आता अकराजणी झालोय, आणि एकीजवळ तर दोन फोन आहेत.

तेव्हा कारखाना तू सांभाळ. व्हिडिओंचं मी बघते.

वाढत्या लोभाची,
आजी