सारसावरची पोट्टी

प्रिय माय,

आज संध्याकाळपर्यंत त्या सारसाच्या खेळाचा शेवटचा अहवाल कंपनीला पाठवायचा आहे. सकाळपासून रकाने भरत बसले आहे, आणि एक रकाना तुझ्याशी बोलल्याशिवाय भरवत नाही. तुला जाऊन चौथा महिना लागला. हसू नकोस, पण हे पत्र त्या रकान्यापायीच लिहिते आहे.

आठवतं ना? खुब्याचं हाड मोडून तू पलंगावर पडलीस आणि मी नागपूरची खोली सोडून राळेगावला आले. माझं काम काय, ते तुला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. बाजारात यायच्या आधी नवे खेळ खेळून बघायचे, चुका शोधायच्या, दहापैकी गुण द्यायचे. "अन् याले नोकरी म्हनतेत?" तू विचारलंस.

हा खेळ मात्र तुला लागला. जांभळं आभाळ, तरंगणारे डोंगर, आणि सारसाच्या पाठीवर बसून डावीकडून उजवीकडे उडत चाललेली एक पोट्टी. समोरून पंखवाले मासे यायचे, धुराचे साप यायचे, आणि ती तळहातातून उजेडाचे बाण सोडायची. दुपारी मी टॅब तुझ्या उशाला टेकवून द्यायचे. खेळता खेळता तुझा डोळा लागायचा, बोट काचेवर तसंच. जागी झालीस की सांगायचीस, "त्या डोंगरावर जाऊन आली. वारा लय गार हाये तिथं." खरं सांगते, त्या खोलीत मलाही तो वारा लागायचा.

पण खेळायचीस किती वाईट, माय! एक बाण नेमका लागेल तर शपथ. मी चिडले, तेव्हा तू शांतपणे समजावलंस की ज्वारीच्या राखणीला मचाणावर बसून गोफण फिरवली ती पाखरं मारायला नाही. गोटा शेजारून सणसणत जावा, पाखरू उडावं, झालं काम. या खेळातले साप काही उडून जाईनात. लय निर्ढावले हायेत, म्हणत तू पुन्हा बाजूनंच बाण सोडायचीस आणि पुन्हा मरायचीस.

मरायचीस! किती सहज बोलायचो आपण तेव्हा.

मग त्या दुपारी मी पाचवा टप्पा खेळत होते आणि तू नुसती बघत होतीस. मधेच म्हणालीस, "ते पोट्टी खाली कवा उतरते?"

मी म्हटलं, उतरत नाही. पडदा आपोआप पुढं सरकतो, एक टप्पा संपला की लगेच दुसरा, तिला उडतच राहावं लागतं.

"काहून? पाय नाईत का तिले? झाडाखाली बसू द्या, दोन पावलं चालू द्या, मंग जाऊ द्या पुढं. लिव हे."

तेव्हाच्या कच्च्या अहवालात मी चित्रांना नऊ दिले, वेगाला आठ. तुझ्या खेळण्यापुढं लिहिलं, खेळाडूला नियम समजले नाहीत, मत धरू नये. दोन दिवसांनी तू विचारलंस, "लिवलं का माह्यं?" मी मान वर न करता हो म्हटलं. केवढी खूश झालीस! घरी येणाऱ्या नर्सबाईंनाही सांगितलंस, आता त्या पोट्टीले उतरवतेत म्हणून. मला तेव्हा लाज कशी वाटली नाही?

तू गेल्यावर टॅब हातात धरवेना. परवा उघडला. पाचवा टप्पा, सहावा, सातवा, कुठंच थांबता येईना. अंगठा दुखून आला आणि मी हमसून हमसून रडले. पाय उशीवर ठेवून महिनोन्महिने तू त्या पोट्टीकडं काय बघत होतीस, ते मला आत्ता कळलं गं. दोनच पावलं चालायचं होतं ना तुला?

आत्ता तो जुना शेरा खोडला. गुण कमी केले. परीक्षकाच्या रकान्यात तुझं नाव घातलं आणि त्याखाली तुझं म्हणणं, तुझ्याच बोलीत, जसंच्या तसं. कंपनीतले म्हणतील, असल्या खेळात कोणी थांबत नसतं. म्हणू देत. मी भांडेन, पुन्हा लिहीन, पण ती जमिनीवर उतरून चालेपर्यंत या खेळाला पास म्हणून सही करणार नाही. तुला म्हटलेलं ते "हो" खोटं होतं, माय. ते मी खरं करीन.

तुझ्या उशाशी बसूनही न ऐकलेली,
बेबी