सावलीसाठी पांढरी फुलं

सुदामा नगर, इंदूर
८ एप्रिल २०२५

प्रिय आनंददादास,
मंजूचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर तू हसून विषय उडवतोस, म्हणून तुझ्या नर्सरीच्या टेम्पोवाल्या लक्ष्मणभियाकडे पत्र देते आहे. बाबांनी महूच्या पलटणीतून रिटायर होऊन आल्यावर लावलेल्या मोगऱ्याला यंदा एक कळी नाही. येणार कुठून? शेजारच्या तुझ्या प्लॉटवर तुझ्या पोराचे, पंचशीलचे तीन मजले उठले आणि माझ्या अंगणातलं ऊन गेलं. ना-हरकतीवर सही मागायला आलास तेव्हा एकच मजला म्हणाला होतास. नंतर पोराचा संसार वाढला, बेत बदलला, असं सांगितलंस. ठीक आहे, मानलं.

पण बुद्धपौर्णिमेच्या वंदनेला मी आजवर अंगणातलीच पांढरी फुलं वाहिली, विकतची कधी आणली नाहीत. सावलीत काय फुलतं, तेवढं तरी सांग.

वहिनींना जयभीम. माया आहे तशीच राहू दे.
तुझी मंजुळा


हातोद
११ एप्रिल २०२५

चि. मंजूस,
जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून मास्तरणीचंच. बघितलं की छडीसाठी हात पुढे करावासा वाटतो. समोरच्या शांताबाईंना तू म्हणालीस ना, की दादाने सूर्यसुद्धा विकत घेतला? ऐकलं बरं का! माझे कान हातोदहून सुदामा नगरपर्यंत लांब आहेत. बात मजेदार होती, मी इथे चार गिऱ्हाइकांना ऐकवली.

आता कामाचं. मोगऱ्याची आशा सोड, त्याला दिवसभर ऊन लागतं. भिंतीपासून दूर, जिथे सकाळचा तासभर उजेड येतो, तिथे तगर लाव. फुलं थोडी येतील, पण येतील. अगदी गडद कोपऱ्यात पीस लिली. तिला कडक ऊन सोसतच नाही; पांढरं फूल पंधरा-पंधरा दिवस टिकतं. पाणी बेताने. सावलीत माती लवकर सुकत नाही, बोट खुपसून बघ, कोरडी लागली तरच घाल. तू प्रेमाने पाणी ओततेस आणि मुळं सडतात.

लिलीच्या सहा कुंड्या पाठवतो आहे. तुझं पत्र वाचलं आणि लगेच नर्सरीतल्या सावलीच्या जाळीखाली जाऊन खास तुझ्यासाठी निवडल्या. सायकलवर रोपं विकत फिरलेला माणूस आहे मी, बहिणीला फालतू माल देणार नाही.

आणि हो, पंचशील गच्चीवर एक खोली काढायची म्हणतो आहे. कागद सोबत ठेवला आहे, सही करून लक्ष्मणकडे दे. एकच खोली, बस.

रागावलीस तरी भाऊ म्हणत राहा.
तुझा आनंददादा


सुदामा नगर
४ मे २०२५

आनंददादास,
जयभीम.

सहाही कुंड्या फुलल्या. तगरही तू सांगितलंस तिथेच लावली. तुझं ज्ञान खोटं नाही.

काल एक लिली जमिनीत लावायला कुंडी उपडी केली. मातीत खाली गेलेली पट्टी निघाली. मुळं फोडून नवं रोप केलं की गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख लिहून पट्टी खोचायची, ही तुझीच पद्धत. अक्षर तुझं. "मंजू. सावलीसाठी. १४ ऑगस्ट २०२३." मग बाकीच्या पाचही उकरल्या. सगळीकडे तेच.

ना-हरकतीवर सही मी त्यानंतर दोन महिन्यांनी केली, दादा. अशोक विजयादशमीला तू मावाबाटी घेऊन आलास, बाबांच्या फोटोसमोर बसलास आणि एकच मजला म्हणालास. तेव्हा माझ्या अंधाराची रोपं तुझ्याकडे वाढत होती. मुलाचं नाव पंचशील ठेवलंस. त्यातलं खोटं न बोलण्याचं शील तेवढं वगळलंस काय?

खोलीच्या कागदावर सही केली आहे. न करावी तर तू परत मिठाई घेऊन येशील, गोड बोलशील, आणि मला ते ऐकायचं नाही. त्यापेक्षा सही सोपी. पाच कुंड्या आणि उपटलेली सहावी लक्ष्मणबरोबर परत पाठवते आहे. पौर्णिमेची फुलं बडा गणपतीच्या बाजारातून आणीन. त्या दिवशी येऊ नकोस.

मंजुळा


हातोद
७ मे २०२५

मंजू,
जयभीम.

पट्टी खरी आहे. तीन मजल्यांचा नकाशा जुलैतच झाला होता. सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून नाही सांगितलं. नकाशा बघून घरी आलो आणि पहिला विचार आला की मंजूचा मोगरा जाईल. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात लिलीची मुळं फोडायला बसलो. मला वाटलं, नुकसान व्हायच्या आधीच भरून काढतो आहे. तुझ्या वहिनीला हे आज पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली की घाव घालायच्या आधी मलम घेऊन ठेवणारा माणूस पहिल्यांदाच बघते आहे. मग उठून आत गेली.

मी येणार नाही. खोलीचं काम थांबवलं असं लिहावंसं वाटत होतं, पण सळया काल उतरल्या, आणि पंचशीलला मी नाही म्हणणार नाही हे तुलाही माहीत आहे.

एक गोष्ट खरी सांगतो. लक्ष्मणने पाकीट दिलं, त्यात दोन कागद होते. मी आधी सही बघितली, बरोबर जागेवर आहे का ते. पत्र नंतर वाचलं.

लोभ ठेव म्हणायचं तोंड नाही.
आनंद