श्रावणातलं माझं वजन

४ ऑगस्ट १९९७, सोमवार
श्रावण लागला. मुरबाडच्या डॉक्टरने काट्यावर चढवलं. चौऱ्याहत्तर किलो. म्हणाला, आजी, तीन किलो उतरवा. मासे-मटण बंद, रोज चाला, नायतर डोंगर चढायचा नाय. त्याचं स्वतःचं पोट टेबलाला टेकलेलं.
शेवटच्या सोमवारी डोंगरावरच्या महादेवाला नैवेद्याचं ताट घरातली मोठी बाई नेते. बत्तीस वर्षं मी नेलं. माझा मुलगा भगीरथ म्हणतो, वजन उतरलं नाय तर ताट प्रेमा नेईल. प्रेमा म्हणजे सून. अजून तिची भाकरी गोल येत नाय.
डॉक्टर म्हणाला, खाणं-चालणं लिहून ठेवा. साक्षरता वर्गात शिकले ते कामाला आलं. वही त्याला दाखवणार नाय.

५ ऑगस्ट
टोकावडे बाजारापर्यंत चालले. येताना एसटी समोरच थांबली. ड्रायव्हरचं मन मोडवेना.

९ ऑगस्ट
चाललं की भूक लागते. हे डॉक्टरने आधी सांगायला पायजे होतं. डाळ-भात तीनदा. वर पालेभाजी, गुरांसारखी. गुरं पण काय बारीक नसतात.

१४ ऑगस्ट
बाजारात चिमाबाई सुकी मासळी विकते. श्रावणात गिऱ्हाईक नाय बिचारीला. मूठभर जवळा घेतला. जवळा इतका बारीक, त्याला मासा कोण म्हणेल. कांद्याबरोबर परतला की भाजीच. तिच्याच चुलीवर परतला. ती म्हणाली, खा गो, महादेव वर डोंगरावर हाय, इथं बाजार हाय. उरलेला पुडीत बांधून कनवटीला खोचला. घरात उगाच चर्चा नको.

२० ऑगस्ट
रोज टोकावडे. चिमाबाई मला लांबून बघितलं की तवा ठेवते. प्रेमा शेजारणीला सांगत होती, सासूबाईंनी चालणं मनावर घेतलंय. घेतलंच आहे.
गुडघे हलके वाटतात. चोळी घट्ट झाली. प्रेमाने धुऊन आटवली असणार.

३१ ऑगस्ट, रविवार
दवाखाना बंद. भाताच्या गिरणीत, गिरणीवाल्या रघूच्या काट्यावर उभी राहिले. भगीरथ आणि प्रेमा बघायला. गिरणीतली मांजर आली, माझ्या कमरेवर चढायला लागली. रघू म्हणाला, मावशी, मांजर उतरवा, वजन वाढतंय. उतरेना. ओढाओढीत पुडी सुटली, जवळा काट्यावर पसरला. मांजरीने सगळा खाल्ला, आरामात. मग परत चढले. शहात्तर.
मी म्हटलं, हा काटा पोत्यांचा, माणसांचा नाय. रघू म्हणाला, पोत्यांची तक्रार कधी आली नाय, मावशी.

१ सप्टेंबर, सोमवार
ताट प्रेमाने नेलं. मी पायथ्याशी दगडावर बसून बघितलं. ताट तिच्या डोक्यावर नीट बसलं. हललं पण नाय. मला वाटायचं, ते माझ्याच डोक्यावर बसतं.

२ सप्टेंबर
श्रावण सुटला. प्रेमाने सकाळीच जवळा परतला, पहिला मला वाढला. चव थेट चिमाबाईची. कुठं शिकलीस विचारलं. म्हणाली, चिमाबाईनेच सांगितलं, पंधरा दिवस झाले.
सगळ्यांच्या समोर बसून पोटभर खाल्ला. तेवढा गोड लागला नाय.