आभाराची एक ओळ

सीबीडी बेलापूर, १९९८

कर्णिक साहेब,

आतिफ गेल्याचं कळल्यावर तुमच्या ईमेल गटातल्या लोकांनी सांत्वन पाठवलं. बहुतेक एकेका ओळीचं. टेलिफोनची लाइन अडवून मी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं.

अंथरुणाला खिळलेला माझा भाऊ तिथूनच तुमच्या गटात लोकांच्या कॉम्प्युटरच्या अडचणी सोडवायचा, फुकट. त्याला कुणी उत्तर दिलं की तो ‘शुक्रिया, जनाब’ एवढंच लिहायचा. आमच्या घरात पाण्याचा ग्लास दिला तरी शुक्रिया म्हणतात. गटाचे चालक म्हणून तुम्ही सगळ्यांदेखत लिहिलंत, “नुसत्या आभारासाठी मेल टाकू नका. लोकांची टेलिफोन बिलं वाढतात. एवढी अक्कल असावी.” खाली कुणीतरी जोडलं, “नवाबसाहेबांना रोज सलामही हवा असेल.” तुम्ही त्या माणसाला काही बोलला नाहीत.

“आपा, मी काय वाईट बोललो गं?” आतिफने मला विचारलं. कॉम्प्युटरवर त्याने चादर टाकली, ती शेवटपर्यंत काढली नाही. त्यानंतर त्याच्याशी बोलायला घरात अम्मी आणि मी, आम्ही दोघीच उरलो.

अम्मी म्हणते, “एवढ्या लोकांनी आठवण काढली, शुक्रिया तरी लिही.”

म्हणून लिहायला बसले. पण नियम तुमचा आहे. हे पाठवत नाही.

आतिफची बहीण,
समरा