गोगलगायीची शिंगं आणि ढवळ्याची मान

भातकुली, माघ वद्य पंचमी, शके १७८६

मोटेच्या थारोळ्यात सापडलेली गोगलगाय आठ दिवस परातीत ठेवली आहे. कापसाच्या वातीने शिवलं की ती शिंगं आत घ्यायची. आज बाराव्यांदा शिवलं तरी घेईना. दमली असेल का? म्हणून गवताची काडी लावून पाहिली, तर शिंगं झटकन आत! म्हणजे दमली नव्हती, वातीची सवय झाली होती. मला कोण आनंद! बायको म्हणाली, "काहून छळून राह्यले तिले?"

संध्याकाळी दादा अमरावतीला कापूस टाकून आला. भाव चढल्यापासून रोज एक खेप असते. गाडीच्या ढवळ्या बैलाच्या पुठ्ठ्यावर तुतारीच्या, म्हणजे हाकायच्या काठीच्या, टोचणीचे वण दिसले. दादा म्हणाला, "आता टोचलं तं बी हालत नाई. लय शाना झाला."

मला ती वातच आठवली. बैलही शिकला म्हणून, खरं सांगायचं तर, गंमत वाटली.

दादाने जू उतरवलं, तेव्हा मी सहज ढवळ्याच्या मानेवर हात ठेवला. तो अंग चोरून मागे सरला, सगळी कातडी थरथरली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळले, त्यानंतर मी त्याला हात लावलाच नव्हता. टोचणीला जो हलत नाही, तो हाताला भ्यावा?

गोगलगाय थारोळ्यात सोडून आलो. उद्यापासून रोज ढवळ्याच्या मानेवर हात ठेवीन. कितव्यांदा थरथरायचा थांबतो, ते मात्र मोजणार नाही.