चार नंबरची ओळ

२ जून

आधी माफी. बाबा गेले तेव्हापासून या वहीत एक अक्षर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं म्हणणं खोटं होईल; हिंमत नव्हती. आज मात्र बातमी आहे. चाळिशी उलटून गेलेल्या बाईला नोकरी लागली!

शीतगृह आहे. सहा प्रचंड थंड खोल्या आणि त्यांच्यासमोर काचेचा नियंत्रण कक्ष. त्यात मी, चहाचं यंत्र आणि भिंतीवर काळा पडदा. प्रत्येक खोलीवर प्रोग्रॅमचा एक थ्रेड, म्हणजे त्याचा स्वतंत्र चालणारा एक धागा, नजर ठेवतो: तापमान, दार, आतलं धोक्याचं बटण. दिसेल ते पडद्यावर छापतो. सगळे एकदम छापतात, म्हणून ओळी एकमेकींत घुसतात: “खोली दोखोली पान: दाच: उणे र बंअठराद”. हा गुंता सोडवणं माझं काम. मेकॅनिकदादांनी आल्या आल्या विचारलं, काय ताई, सहा नणंदा एकाच फोनवर बोलताहेत, तुम्ही कुणाचं ऐकणार? खूप दिवसांनी मोकळी हसले.

५ जून

आमचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात, बोलायला फार गोड. आज त्यांनी माझ्या आधीच्या बाईबद्दल सांगितलं. हा प्रोग्रॅम तिचाच. ती चार नंबरमध्ये सेन्सर बघायला गेली, मागे दार लागलं, खटका अडकला. तिने बटण दाबलं, पण पडद्यावर एवढा गुंता की तिची ओळ कुणाला वाचताच आली नाही. तिच्याच हातचं काम तिच्या जिवावर उठलं, असं म्हणून साहेब चुकचुकले. चौकशीसाठी त्यांना माझ्याकडून तसा अहवाल हवा आहे. मी हो म्हटलं.

इतक्या सहज का म्हटलं? कोड अजून धड वाचलेलाही नाही.

९ जून

गुंता कुठे होतो ते शोधायचं तर तो होऊ द्यावा लागतो. दिवसभर पडदा वाहता ठेवला. सगळ्यांच्या ओळी तुटतात. एकच तुटत नाही.

“खोली चार: आत माणूस आहे.”

प्रत्येक वेळी अखंड. चार नंबर तर त्या अपघातापासून बंद आहे. दादा म्हणाले, तिची तार मी स्वतः कापली ताई, ती बोलेल कशी? मला नेऊन दार उघडून दाखवलं. रिकामी खोली, कोंदट, गरम. तरी तिथे माझ्या श्वासाची वाफ दिसली. फक्त माझ्या. दादांच्या नाही.

१० जून

आज त्या ओळीखाली दुसरी ओळ आली. “खोली चार: गप्प केली. साहेब.”

पाहुणे आले की पडदा सुटसुटीत दिसावा म्हणून कटकट करणारी खोली गप्प करायची, अशी इथली पद्धत आहे. गप्प करणाऱ्याने आपलं नाव टाकायचं. दादांना दाखवलं तर त्यांचा चेहरा उतरला. त्या दिवशी पाहुणे होते, म्हणाले. साहेब पडद्यापुढेच उभे होते.

म्हणजे ओळ वाचता येत होती. वाचली गेली. आणि मग सगळा दोष मेलेलीच्याच गळ्यात घातला.

मी त्या अहवालावर सही करणार नाही. राग आवरत नाही. पण हा राग माझाच आहे का? मी तर तिला कधी पाहिलंही नाही.

१२ जून

साहेबांना तोंडावर सांगितलं. हसले. म्हणाले, बाई, मेलेल्यांची वकिली करायला पगार नाही देत आम्ही. चार नंबरचं बटण रोजच खोटं बोंबलायचं, किती वेळा धावायचं माणसाने? परवा चौकशीवाले येतील तोवर सही द्या, नाहीतर दुसरी नोकरी बघा.

घरी आल्यावर आरशात पाहिलं. ओठ निळे. या उकाड्यात.

१३ जून

लॉक घातलं. ज्या थ्रेडकडे लॉक असेल त्याने आपली ओळ पुरी छापायची, मग सोडायचं. तोवर बाकीच्यांनी थांबायचं. पडदा स्वच्छ झाला. दादांनी तार जोडली, चौकशीसाठी चार नंबर पुन्हा थंड केली.

पण मधेच कुणीतरी लॉक धरून ठेवतं. थोडा वेळ. मग सोडतं. पुन्हा धरतं, आणखी जरा जास्त वेळ. जणू सराव चाललाय.

कोडमध्ये थ्रेड सहा आहेत. चालताहेत सात.

१४ जून, दुपार

वही ऑफिसात आणलीय. का, माहीत नाही –

चौकशीवाले जेवायला गेलेत. दार नीट उघडतं हे आधी स्वतः बघावं म्हणून साहेब एकटे चार नंबरमध्ये शिरले. दार लागलं. दादा फाटकावर, ट्रकपाशी.

पडदा थांबला. लॉक सातव्याकडे. साहेबांनी बटण दाबलंच असेल, पण त्यांची ओळ मागे, ताटकळत – पडद्यावर एकच –

“माझं अजून बोलून झालेलं नाही.”

समोरून धपधप. काचेतून दार दिसतंय. उठायला हवं –

बस खाली –

बाहेरून नुसता खटका ओढायचाय, एवढंच –

त्यालाही एवढंच करायचं होतं –

हे मधलं मी लिहीत नाहीये. अक्षर माझंच आहे पण –

वाचलं होतं गं त्याने. वाचून गप्प केलं –

दादांना हाक मारते – हात सोड – माझ्या घरी माणसं आहेत –

माझ्याही होती –

धपधप मंदावली.

चौकशीवाले येऊन विचारून गेले. साहेब घरी गेले, चार नंबर उद्या बघा, म्हणून सांगितलं. कुणी सांगितलं? आवाज माझा –

उद्या: आल्या आल्या चार नंबरचं दार उघ –